गेलेल्या माणसाचा आवाज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरातलं माणूस गेल्यावर त्याचा आवाज संगणकाकडून पुन्हा तयार करून घेता येतो का, अशी विचारणा करणारी पत्रं या सदराकडे सतत येत आहेत. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेली काही पत्रं इथे घेतली आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न (सिडको) : वडील चैत्रात गेले. त्यांच्या आणि माझ्या फोनमध्ये मिळून चाळीस-पन्नास व्हॉइस नोट्स आहेत. बहुतेक "पोचलास का?", "येताना कोथिंबीर आण" एवढ्याच. काही कॉल रेकॉर्डिंग्जही आहेत. एवढ्यातून आवाज बनेल का? त्यांचा फोन मी अजून चार्ज करून ठेवतो.

उत्तर : बनेल, पण कसा बनेल हे सॉफ्टवेअरपेक्षा तुमच्याकडच्या रेकॉर्डिंगवर ठरेल. म्हणून पहिलं काम बनवण्याचं नाही, वाचवण्याचं. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसलं की कंपनी ते काढून टाकते. रिचार्ज थांबला की काही काळाने सिम बंद होतं आणि तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. फोनमधल्या फाइल्स लगेच जात नाहीत. मात्र कुणी ॲप काढून पुन्हा टाकलं, "जागा रिकामी करा" दाबलं किंवा फोन रीसेट केला, तर सगळं गेलं. ॲपला हात न लावता फोन केबलने संगणकाला जोडा. अँड्रॉइडमध्ये "अँड्रॉइड" फोल्डरात "मीडिया", तिथे व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात पुन्हा "मीडिया" आणि शेवटी "व्हॉइस नोट्स" असं आत जावं लागतं. तिथे आठवड्यागणिक वेगळं फोल्डर असतं आणि फाइलच्या नावातच तारीख असते. अख्खं फोल्डर जसंच्या तसं उचला. आयफोन असेल तर त्या संभाषणात जाऊन मीडियासह "एक्स्पोर्ट चॅट" करा. एका फोनवर नोट वाजवून दुसऱ्या फोनने रेकॉर्ड करण्याचा उद्योग पुष्कळ जण करतात, तो करू नका. त्यात खोलीचा घुमारा आणि छोट्या स्पीकरची किरकिर कायमची मिसळते आणि ती पुढे कशानेही निघत नाही.

आता किती लागतं ते पाहू. आवाज बनवणाऱ्या एआय सॉफ्टवेअरला मॉडेल म्हणतात. आजच्या मॉडेल्सचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकाला फक्त नमुना ऐकवायचा असतो. ८ ते १२ सेकंदांचं सलग, स्वच्छ बोलणं आणि त्यात नेमकं काय म्हटलंय ते लिहिलेलं, एवढं त्याला पुरतं. दुसऱ्या प्रकारात मॉडेलला त्या आवाजावर खास शिकवावं लागतं. त्यासाठी किमान १० मिनिटं आणि शक्य असेल तर अर्धा-पाऊण तास स्वच्छ बोलणं हवं, ३ ते १० सेकंदांच्या तुकड्यांत कापलेलं. "कोथिंबीर आण"चे दोन-दोन सेकंदांचे पन्नास तुकडे जोडून दीड-दोन मिनिटं होतात खरी, पण त्यात सलग वाक्याची चाल नसते. माणूस श्वास कुठे घेतो, वाक्य कुठे उतरवतो, हे मॉडेलला कळायला लांब नोटच लागते. एखाद्या पत्त्याची खाणाखुणांसकट माहिती, कुणाची तक्रार, लग्नाला कोण कोण आलं होतं त्याची यादी, अशी एखादी मिनिटभराची नोट सापडते का पाहा. ती पन्नास तुकड्यांना भारी पडेल.

सगळ्या नोट्स हेडफोन लावून ऐका आणि तीन ढीग करा. पहिल्या ढिगात एकटा आवाज, मागे काही नाही. दुसऱ्यात मागे पंखा किंवा लांबचा टीव्ही. तिसऱ्यात रस्ता, वारा किंवा दुसऱ्या माणसाचं बोलणं. कामाचा पहिलाच ढीग. तो फारच लहान निघाला तर दुसऱ्यातलं थोडं निवडून घ्या.

कॉल रेकॉर्डिंगचा मोह आवरा. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) एवढीच पट्टी जाते. स, श आणि च यांचा जो चरचरीत भाग असतो तो बराचसा त्याच्या वर असतो, म्हणजे तो मुळात मुद्रितच झालेला नाही. फोर-जीवरच्या कॉलमध्ये ही पट्टी सुमारे ७००० पर्यंत जाते, ते रेकॉर्डिंग त्यामानाने बरं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम दृश्य लावा, म्हणजे आवाज किती हर्ट्झपर्यंत आहे त्याचं चित्र दिसतं. ४००० च्या वर सपाट काळोख दिसला तर ते फोनचं रेकॉर्डिंग समजा. व्हॉइस नोटची फाइल ४८ किलोहर्ट्झ दाखवते, त्यावर जाऊ नका. व्हॉइस नोट ओपस या पद्धतीने दाबून लहान केलेली असते, ती उलगडताना तो आकडा येतोच. आत खरा आवाज बहुधा ८००० हर्ट्झच्या आसपास संपलेला असतो. नोट्स आणि कॉल्स एकत्र कालवून मॉडेलला शिकवलं, तर वाक्याच्या मध्येच वडील टेलिफोनवरून बोलू लागतात.

त्या छोट्या नोट्स मात्र टाकून देऊ नका. मॉडेलला त्यांचा उपयोग नाही, पण त्यांत वडील खरोखर तुमच्याशी बोलत आहेत, आणि ते काम कुठलंही मॉडेल करणार नाही.

प्रश्न (पंचवटी) : आजोबा कीर्तन करत. निवृत्तिनाथांच्या यात्रेतल्या आणि गावोगावच्या सप्ताहातल्या त्यांच्या १४ कॅसेट आहेत. काहींवर पांढरी बुरशी आली आहे. टाळ, मृदंग, पेटी सगळं आहेच. आवाज वेगळा काढता येईल?

उत्तर : बुरशीच्या कॅसेट आधी बाजूला काढा आणि वाजवू नका. ती भुकटी टेपच्या हेडवर बसते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. त्या जाणकाराकडून साफ करून घ्या आणि हाताळताना तोंडाला मास्क लावा. चांगल्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून त्यांच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत एकसारखी गुंडाळली जाते आणि मध्ये अडकत नाही.

टेपचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या. रबरी रोलरला मात्र साबणाचं सौम्य पाणीच बरं. टेपच्या लाइन-आउटमधून केबल घेऊन लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डात द्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात देऊ नका, तो सिग्नल तिथे फाटतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. आवाजाची सुई सर्वांत मोठ्या ललकारीलाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

मग हेडचा कोन. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत राहा. टाळांचा आवाज जिथे सर्वांत लखलखीत येईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या टेपवर भरलेली असू शकते, म्हणून हे दर कॅसेटला करावं लागतं. हा खटाटोप टाळला तर वरची पट्टी दबते आणि आजोबा तोंडावर उपरणं धरून बोलल्यासारखे वाटतात.

वेगाचं काय? कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने चालायला हवी. पट्टा सैल झालेला टेप हळू फिरतो आणि आवाज जाड होतो. ज्या पेटीवर त्यांना साथ होती ती अजून कुणाकडे असेल तर तुमचं काम सोपं झालं. कॅसेटमधला पेटीचा एक लांब सूर आणि त्याच पेटीवर आज वाजवलेला तोच सूर यांचे हर्ट्झ मोजा. कॅसेटचा सूर ४ टक्के खाली असेल तर ऑडॅसिटीत "चेंज स्पीड अँड पिच" देऊन तो सुमारे ४.१७ टक्के वर आणा. नुसतं "चेंज पिच" नको, त्याने लय तशीच राहते आणि आवाजाची घडण बिघडते.

आवाज वेगळा काढायला डेमक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. तेही न्यूरल नेटवर्कच आहे, गाणं आणि वाद्यं वेगळी करायला शिकलेलं. मृदंग ते बऱ्यापैकी काढतं. पण टाळकरी मागून धरतात तो आवाज त्याच्या लेखी गायनच, म्हणून तो आजोबांबरोबर शिल्लक राहतो. पेटीही सुरात मिसळलेली असल्याने पुरती सुटत नाही. म्हणून अभंगाच्या नादी न लागता निरूपणाचे भाग शोधा. तिथे वाद्यं थांबलेली असतात आणि आवाज एकटा असतो. चौदा कॅसेटमध्ये असं बोलणं तासाभराच्या वर सहज निघावं.

एक अडचण त्यानंतरही उरते. हा मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा आवाज आहे. त्यावर शिकलेलं मॉडेल "चहा झाला का गं?" हेदेखील फडावर उभं राहून विचारेल. घरगुती बोलण्याची दोन-चार मिनिटं कुठे मिळाली, एखाद्या बारशाच्या व्हिडिओत वगैरे, तर नमुना म्हणून ती वापरा.

प्रश्न (कॉलेज रोड) : मी इंजिनिअरिंगला आहे. आईचा आवाज करायचा आहे. मराठीसाठी कोणतं मॉडेल घ्यावं, आणि टप्प्याटप्प्याने काय करावं?

उत्तर : इंटरनेटवर सर्वांत जास्त नाव एक्सटीटीएस या मॉडेलचं दिसेल. कोकी या कंपनीने ते २०२३ मध्ये आणलं आणि २०२४ च्या सुरुवातीला ती कंपनी बंद झाली. त्याच्या १७ भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. हिंदीची निवड करून मराठी वाचायला दिलं की आई हिंदी वळणाने बोलतात, ळ डळमळतो आणि "चांगला"मधला च "चहा"मधल्यासारखा होतो. मराठीसाठी आयआयटी मद्रासच्या एआय-फोर-भारत गटाचं इंडिक-एफ-फाइव्ह पाहा. ते मराठीसह ११ भारतीय भाषांवर शिकवलेलं आहे आणि नमुना ऐकून त्या आवाजात बोलतं. ज्या आवाजाची परवानगी आहे त्याचीच नक्कल करावी, अशी तिथली अट आहे.

ते चालवायला ग्राफिक्स कार्ड हवं. घरी नसेल तर गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर टी-फोर कार्ड ठरावीक वेळ मोफत मिळतं आणि या कामाला ते पुरतं.

नमुना ८ ते १२ सेकंदांचा निवडा. सुरुवात आणि शेवट पूर्ण शब्दावर हवेत. शेवटी सुमारे एक सेकंद शांतता ठेवा, नाहीतर शेवटचा शब्द तुटतो. २४ किलोहर्ट्झ, एका चॅनलची वेव्ह फाइल करा. आता त्या नमुन्याचं लिखाण. इथेच बहुतेकांचं बिनसतं. हे मॉडेल नव्या वाक्याला किती वेळ द्यायचा ते नमुन्यातली अक्षरं आणि नमुन्याची लांबी यांच्या प्रमाणावरून ठरवतं. आई १० सेकंदांत जे बोलल्या त्यातलं अर्धंच तुम्ही लिहिलं, तर मॉडेल समजतं की या बाई फार संथ बोलतात, आणि पुढचं प्रत्येक वाक्य रेंगाळतं. न उच्चारलेले शब्द भर घालून लिहिले तर उलट घाई होते. म्हणून "अगं", "म्हणजे", "ते हे" सगळं लिहा. "पाहिजे" असं न लिहिता त्या "पायजे" म्हणत असतील तर तेच लिहा. ऐकून आपोआप लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. व्हिस्परसारखी सॉफ्टवेअर मराठी ऐकून प्रमाणभाषेत सुधारून लिहितात आणि अडखळणं गाळतात, नेमकं तेच इथे नको आहे.

वाचायला द्यायच्या मजकुरातही आकडे, संक्षेप नकोत. "१५/८" हे अक्षरांनी एवढंसं आणि उच्चाराने लांबलचक, त्यामुळे मॉडेल ते गिळतं. "पंधरा ऑगस्ट" लिहा. एका वेळी १५-२० शब्दांचंच वाक्य द्या आणि नंतर तुकडे जोडा. दर वेळी निकाल थोडा वेगळा येतो, म्हणून एकेक वाक्य चार-पाचदा काढून त्यातलं बरं निवडा.

च, ज, झ यांचा गोंधळ राहणार हे धरून चाला. "माझा" आणि "माझी" यांतला झ वेगळा, पण लिहिताना तो एकच. मॉडेल संदर्भावरून अंदाज बांधतं आणि कधी चुकतं. "त्सांगला" असं लिहून पाहिलं तर काही वेळा सुधारतं. नाहीच जमलं तर शब्द बदला, त्या एका "च"वर वेळ घालवू नका.

नमुन्यावर समाधान झालं नाही, आणि हाताशी अर्ध्या तासाचं स्वच्छ बोलणं असेल, तरच मॉडेल पुढे शिकवण्याच्या वाटेला जा. शिकवण्याच्या दर काही फेऱ्यांनी मॉडेलची एक प्रत जतन करा आणि न शिकवलेली पाच-सहा वाक्यं तिला वाचायला लावा. शिकवताना होणाऱ्या चुकांचा आलेख खाली येतोय म्हणून खूश होऊ नका. सामग्री थोडी असली की मॉडेल ती पाठ करतं. मग शिकवलेली वाक्यं हुबेहूब येतात आणि नवं वाक्य दिलं की जीभ वळत नाही.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : वडिलांचा आवाज केला. आवाज त्यांचा वाटतो, पण मध्येच डब्यातून बोलल्यासारखा होतो. नोट्स बहुतेक द्राक्षबागेतल्या, मागे फवारणीचा ब्लोअर आहे. नॉइज रिमूव्हलने तो पूर्ण काढला होता.

उत्तर : पूर्ण काढला, तेच नडलं. ब्लोअरचा आवाज सगळ्या पट्टीभर पसरलेला असतो. तो शून्यावर आणताना श्वास, स-श ची सळसळ आणि शब्दाची शेपटी त्याबरोबर जाते. जे उरतं त्याला डब्याचा नाद असतो आणि मॉडेल तो वडिलांचा स्वभाव समजून शिकतं. ऑडॅसिटीत गोंगाट ६ ते ९ डेसिबलच कमी करा आणि थोडी घरघर राहू द्या. त्याहून चांगलं म्हणजे ब्लोअर बंद असतानाची एकच नोट शोधणं.

खोलीचा घुमारा असलेला नमुना दिला की प्रत्येक वाक्य त्याच खोलीतून येतं. नमुन्यात ते चिडलेले असतील तर नातवाचं नावही चिडूनच घेतात. आवाज ओळखीचा आणि बोलणं परकं वाटत असेल, तर मॉडेलकडे जाण्याआधी तुम्ही लिहिलेला मजकूर तपासा. शेतकरी माणसाच्या तोंडी "आपणा सर्वांना हार्दिक शुभेच्छा" घातलं तर ते परकंच वाटणार.

प्रश्न (सटाणा) : आजी अहिराणी बोलायची. "काय करी ऱ्हायना रे पोऱ्या?" हे तिचं नेहमीचं. मॉडेल ते पुण्याच्या बाईसारखं वाचतं. काही उपाय?

उत्तर : आहे, आणि तुमच्याच घरात आहे. आत्तापर्यंत सांगितलेली मॉडेल्स मजकूर वाचतात. त्यांना मराठी माहीत आहे, अहिराणी नाही. अक्षरं उच्चाराप्रमाणे लिहून थोडा फरक पडतो. "डोळा" नको "डोया", "मला" नको "माले". पण हेल लिहिता येत नाही, आणि बागलाणात तर बोलण्याचा जीव हेलातच असतो.

म्हणून मजकूर वाचणारं नको, आवाज बदलणारं मॉडेल घ्या. आरव्हीसी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात जिवंत माणूस बोलतो आणि मॉडेल फक्त आवाजाचा पोत बदलतं. उच्चार, थांबे, हेल बोलणाऱ्याचेच राहतात. तुमच्या आत्या किंवा आजीच्या बहिणी असतील तर त्यांना बोलायला बसवा. अहिराणी त्यांची आणि गळा आजीचा, असं होतं. शिकवायला आजीच्या बोलण्याची किमान १० मिनिटं हवीत, आणि त्यांचं लिखाण लागत नाही, ही मोठी सोय. सुरुवातीला २०० फेऱ्या द्या, दर ५० फेऱ्यांना प्रत ठेवा आणि ऐकून निवडा. बाईने बोलून बाईचा आवाज करायचा तर सुराची पट्टी (पिच) शून्यावर ठेवा. पुरुष बोलणार असेल तर १२ अर्धस्वर वर न्यावी लागते, आणि मग हसणं, खाकरणं विचित्र येतं.

बोलणाऱ्या व्यक्तीला आधी आजीच्या मूळ नोट्स ऐकवा. चांगली नकलाकार आत्या असली की निम्मं काम तिथेच होतं.

प्रश्न (देवळाली कॅम्प) : आईच्या आवाजात तिची आवडती गाणी गाऊन घेता येतील का?

उत्तर : आरव्हीसीने येतील, कुणीतरी सुरात गायलं तर. पण नुसत्या बोलण्यावर शिकलेलं मॉडेल वरच्या सुरांत फाटतं, कारण ते सूर त्याने कधी ऐकलेलेच नसतात. त्यांनी गुणगुणलेलं काही असेल तर शिकवताना ते घाला.

प्रश्न (दिंडोरी) : वडिलांना घशाचा कर्करोग आहे. स्वरयंत्र काढायचं ठरलं आहे, तारीख तीन आठवड्यांनंतरची. आत्ता काय रेकॉर्ड करून ठेवावं?

उत्तर : या पानावरचं सर्वांत तातडीचं पत्र तुमचं आहे, कारण माणूस समोर आहे आणि त्याला विचारता येतं. आधी त्यांना विचारा. होकार असेल तर काम आजच सुरू करा.

सर्वांत शांत खोली निवडा. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली चांगली. पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला ठेवा, म्हणजे प-फ चा फुंकर थेट आदळत नाही. व्हॉट्सॲपमध्ये रेकॉर्ड करू नका. वेव्ह फाइल देणारं रेकॉर्डर ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्झवर. एका बैठकीला १० मिनिटं पुरेत, गळा दुखला की थांबा. सकाळी आवाज बरा असेल तर सकाळी. एकूण ३०-४० मिनिटं झाली की खूप झालं, १५ झाली तरी उपयोग आहे.

काय वाचायचं? वर्तमानपत्र नको, त्याने बातमीचा सूर लागतो. त्यांनाच सांगू द्या: विहीर कशी खणली, कोणत्या वर्षी गारपीट झाली, पहिला ट्रॅक्टर कसा आणला. मध्ये प्रश्न विचारा, पण त्यांच्या बोलण्यावर बोलू नका. शिवाय एक वेगळी यादी करा आणि ती वाक्यं जशीच्या तशी रेकॉर्ड करून ठेवा: घरातल्या प्रत्येकाची हाक, "पाणी दे", "दुखतंय", "झोपा आता", "अरे वा", नातवंडाला मारायची लाडाची हाक, एखादी शिवीसुद्धा. ही वाक्यं मॉडेलने बनवायची नाहीत, फोनवर बटणं करून तीच वाजवायची.

आवाज काही महिन्यांपासून घोगरा झाला असेल तर आत्ताचं रेकॉर्डिंग बोलण्याच्या ढंगासाठी ठेवा आणि नमुन्यासाठी दुखण्याआधीच्या लग्नकार्यातला व्हिडिओ शोधा. शस्त्रक्रियेनंतर बोलण्याचे इतर मार्गही असतात. गळ्याला लावायचं कंपनयंत्र असतं, अन्ननलिकेतून बोलण्याचा सराव असतो, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची छोटी झडप असते. यांपैकी काय जमेल ते शल्यविशारद आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांना आत्ताच विचारा. संगणकाचा आवाज त्याच्या जोडीला वापरायचा.

प्रश्न (नाशिक रोड) : एक जण पैसे घेऊन आवाज करून देतो म्हणतो. त्याला सगळ्या फाइल्स ऑनलाइन पाठवायच्या आहेत. कायदा काय म्हणतो? गैरवापर झाला तर?

उत्तर : सगळ्या फाइल्स देऊ नका. निवडलेले नमुने द्या. काम झाल्यावर नमुने आणि शिकवलेलं मॉडेल दोन्ही तुमच्या हवाली करून त्याच्याकडचं पुसलं जाईल, हे लेखी घ्या. मॉडेल हातात आलं नाही तर आवाजाची किल्ली त्याच्याकडेच राहते.

कायदा अजून पुरता बसलेला नाही. जिवंत गायकाच्या आवाजाची एआयने नक्कल करण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मनाई केली. गेलेल्या माणसाचं तसं नाही. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं की असे व्यक्तिगत हक्क त्या व्यक्तीबरोबर संपतात. म्हणजे आधार कराराचा आणि कुटुंबाच्या संमतीचा. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या एका तमिळ चित्रपटगीतात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, ते कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. घरगुती कामातही तोच शिरस्ता ठेवा. सगळ्या भावंडांना विचारा आणि एकाचाही नकार असेल तर आवाज घराबाहेर जाऊ देऊ नका.

आवाज वापरून कुणी नातेवाइकांकडे पैसे मागितले, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड लागतं. तयार केलेला आवाज समाजमाध्यमांवर टाकायचं टाळलंत तर ही वेळ सहसा येणार नाही.

प्रश्न (इंदिरानगर) : वडिलांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमतील. त्यांच्या आवाजात आशीर्वादाचे दोन शब्द ऐकवावेत असं माझ्या मनात आहे. आईला सांगितलेलं नाही, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.

उत्तर : धक्का देऊ नका. आईंना आधी सांगा, तेही एकटीला, आणि नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा. हो म्हणाल्या तर पहिल्यांदा घरी ऐकू द्या. फोन त्यांच्या हातात असू द्या, कारण मध्येच थांबवणं त्यांना जमलं पाहिजे.

आशीर्वादाचे शब्द कोण लिहिणार? तुम्ही. मग ते तुमचे शब्द झाले, वडिलांच्या गळ्यातून काढलेले. त्याऐवजी त्यांनी स्वतः लिहिलेलं काही शोधा: पोस्टकार्ड, डायरीचं पान, लग्नात लिहिलेला निरोप, अगदी हिशेबाच्या वहीतली टीपसुद्धा चालेल. ते त्यांच्या आवाजात वाचून घ्या आणि वाजवण्याआधी सांगा की शब्द त्यांचे, आवाज यंत्राने केलेला. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे दोनदा सांगा. गेलेल्या माणसाशी गप्पा मारता येतील असा चॅटबॉट जोडून देणारेही भेटतील. त्याची उत्तरं भाषेचं मॉडेल रचतं, म्हणजे जमिनीच्या वाटणीवरही वडिलांचं मत ऐकायला मिळेल, जे त्यांनी कधी दिलंच नव्हतं. आमच्या मते त्या वाटेला जाऊच नये.

प्रश्न (सातपूर) : हे सगळं कसं साठवावं?

उत्तर : मूळ फाइल्स एका फोल्डरात, न बदलता. साफ केलेल्या दुसऱ्यात, यंत्राने बनवलेल्या तिसऱ्यात. या तिसऱ्या फोल्डरातल्या प्रत्येक फाइलच्या नावात "कृत्रिम" हा शब्द घालाच, नाहीतर दहा वर्षांनी खरी कोणती ते घरात कुणालाच सांगता येणार नाही. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. सोबत एक साधी मजकूर फाइल असू द्या: कोण बोलतंय, कुणाशी, अंदाजे कधी, मागे कुणाचा आवाज आहे. वर्षातून एकदा हार्ड डिस्क जोडून दोन-चार फाइल्स उघडून बघा.